विज्ञानगोष्ठी

विज्ञानगोष्ठी : एखाद्या वैज्ञानिक विषयावर तज्ञ आणि सामान्य नागरिक यांनी उपाहारगृह, पानगृह, ग्रंथालय यांसारख्या रोजच्या वावराच्या ठिकाणी एकत्र बसून केलेली अनौपचारिक खुली चर्चा. विज्ञानविषयक व्याख्यानाहून हा प्रकार वेगळा आहे. व्याख्यानात वक्त्याने बोलावे व श्रोत्यांनी ऐकावे, असा परिपाठ असतो. गोष्ठीत वक्त्याचे निवेदन ही केवळ प्रस्तावना असून श्रोत्यांचे प्रश्न, शंका व आक्षेप हा तिचा मुख्य भाग असतो. येथे येणाऱ्यास सभासदत्व, पदवी वा विषयाचे पूर्वज्ञान यांची अट नसते. या प्रकाराचे आधुनिक रूप ‘कॅफे सायंटिफिक’ या नावाने १९९८ पासून इंग्लंडमध्ये रूढ झाले. मराठीत अशा मेळाव्यांस ‘विज्ञान कट्टा’ असेही म्हणतात. तथापि या प्रथेची मुळे सतराव्या शतकातील लंडनच्या कॉफीगृहांत सापडतात. तज्ञाने काय सांगावे यापेक्षा त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला असावा, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. हा अधिकार कधी विस्तारला, कधी आकुंचित झाला आणि ज्या काळी तो आकुंचित झाला, त्या काळी विज्ञानाविषयीच्या लोकविश्वासावरही त्याचा परिणाम झाल्याचे दिसते.

लंडनची कॉफीगृहे : लंडनमधील पहिले कॉफीगृह १६५२ मध्ये पास्क्वा रोझे याने कॉर्नहिल भागात उघडले. एक पेनी मोजून आत येणाऱ्यास कॉफी, वृत्तपत्रे व गप्पा यांचा लाभ मिळे. त्यामुळे या स्थळांना पुढे ‘पेनी विद्यापीठे’ असे नाव पडले. तेथे बसण्याच्या जागा दर्जानुसार राखून ठेवण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे व्यापारी, खलाशी, वैद्य, कारागीर व विद्वान हे एकाच मेजाभोवती बसत. मद्यगृहांपेक्षा येथील वातावरण शुद्धीवर राहून वाद करण्यास अनुकूल होते. राजसत्तेला मात्र अशा मोकळ्या बोलण्याची धास्ती वाटली. दुसऱ्या चार्ल्स राजाने २९ डिसेंबर १६७५ रोजी सर्व कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. परंतु त्यावर एवढा असंतोष उसळला की, अंमलबजावणीचा दिवस उजाडण्यापूर्वीच, ८ जानेवारी १६७६ रोजी ते मागे घ्यावे लागले.

१६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचे अनेक सभासद कॉफीगृहांत नित्य जात. सोसायटीचा प्रयोगाधिकारी रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) याची दैनंदिनी उपलब्ध असून, १६७२ नंतरच्या काही वर्षांत त्याने साठाहून अधिक कॉफीगृहांना भेटी दिल्याचे तीवरून दिसते. घड्याळे, दुर्बिणी व इमारती यांविषयी तो तेथे सहकाऱ्यांशी बोले, तसाच कुशल कारागिरांशीही बोले. विद्वानांच्या अशा अनौपचारिक बोलण्यातून काय निष्पन्न होऊ शकते, याचे उदाहरण जानेवारी १६८४ मधील एका संभाषणात मिळते. ग्रहांना सूर्याकडे ओढणारे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर त्यांच्या कक्षांचा आकार काय असेल, असा प्रश्न हुक, क्रिस्टोफर रेन व एडमंड हॅली यांच्या बोलण्यात निघाला. दोन महिन्यांत सिद्धता आणून देणाऱ्यास चाळीस शिलिंगांचे पुस्तक बक्षीस देण्याचे रेनने कबूल केले. कोणालाच ती देता आली नाही. तेव्हा त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॅलीने केंब्रिजला जाऊन न्यूटनला तोच प्रश्न विचारला. त्यातूनच न्यूटनचा प्रिन्सिपिया (१६८७) हा ग्रंथ लिहिला गेला.

हे संभाषण तज्ञांचे आपापसांतील होते. सर्वसामान्य माणसाला या वर्तुळात प्रवेश मिळाला, तो कॉफीगृहांतील सार्वजनिक पाठांमुळे. चार्ल्स कॉक्स या बिअर-उत्पादकाच्या खर्चाने १६९८ पासून बर्चिन लेनमधील ‘मरीन’ कॉफीगृहात गणिताचे पाठ विनामूल्य दिले जाऊ लागले. पहिला अध्यापक जॉन हॅरिस हा पुढे लेक्सिकन टेक्निकम (१७०४) या आद्य इंग्रजी तांत्रिक कोशाचा कर्ता म्हणून प्रसिद्धीस आला. नौकानयन व व्यापारी हिशेब यांसाठी गणित लागणाऱ्यांना या पाठांचा उपयोग होई. फ्रान्समधील धार्मिक छळामुळे परागंदा झालेला गणितज्ञ आब्राम द म्वाव्ऱ (१६६७–१७५४) सेंट मार्टिन्स लेनमधील ‘स्लॉटर्स’ कॉफीगृहात बसे. जुगारी आणि विमाव्यवहार करणारे लोक त्याच्याकडे संभवांची गणिते सोडवून घेत. संभाव्यतेवरील त्याच्या द डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस (१७१८) या ग्रंथात अशाच व्यावहारिक प्रश्नांचा विचार आढळतो.

विल्यम व्हिस्टन (१६६७–१७५२) याचे उदाहरणही बोलके आहे. धर्मविषयक मतांमुळे १७१० मध्ये केंब्रिजमधील प्राध्यापकपद गमावल्यावर त्याने लंडनमधील ‘बटन्स’ कॉफीगृहात ज्योतिषशास्त्रावर व्याख्याने दिली. समुद्रावर रेखांश निश्चित करण्याची एक योजना त्याने हंफ्री डिटन याच्या सहकार्याने मांडली. ती व्यवहार्य ठरली नाही. मात्र तिने चालना दिलेल्या चर्चेची परिणती संसदेने १७१४ मध्ये रेखांशविषयक कायदा करून मोठे पारितोषिक जाहीर करण्यात झाली. विद्यापीठाने दूर केलेल्या माणसाला कॉफीगृहाने व्यासपीठ दिले, ही गोष्ट या संस्थेच्या स्वरूपावर प्रकाश टाकते.

कॉफीगृहांच्या समानतेलाही मर्यादा होत्या. स्त्रिया तेथे मालकीण वा वाढपी म्हणून वावरत. चर्चेत ग्राहक या नात्याने त्यांना स्थान नसे. एक पेनी व रिकामा वेळ ज्याच्यापाशी नाही, त्यालाही दार बंदच होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक कॉफीगृहांचे रूपांतर सभासदांपुरत्या मंडळांत किंवा व्यापारी संस्थांत झाले आणि त्यांचे खुले स्वरूप लोपत गेले.

स्पिटलफील्ड्सची गणितसभा : कष्टकऱ्यांनी स्वतः चालविलेल्या विज्ञानगोष्ठीचा ठळक नमुना म्हणजे १७१७ मध्ये जोसेफ मिडल्टन याने लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात स्थापन केलेली गणितसभा होय. हा भाग रेशीम विणणाऱ्यांची वस्ती म्हणून प्रसिद्ध होता. सभेचे बरेचसे सभासद विणकर व अन्य कारागीर होते आणि प्रारंभी ते एका मद्यगृहात जमत. पाइप ओढीत, पेला समोर ठेवून ते गणिताची कोडी सोडवीत. सभासदसंख्याही गणिती पद्धतीने ठरे : ती प्रथम सातचा वर्ग म्हणजे ४९ व पुढे आठचा वर्ग म्हणजे ६४ इतकी ठेवण्यात आली. सभेचा एक दंडक विशेष उल्लेखनीय आहे. एका सभासदाने दुसऱ्यास गणित वा निसर्गविज्ञान यांविषयी प्रश्न विचारल्यास, त्याला शक्य तितक्या सोप्या व सरळ रीतीने समजावून देणे, हे दुसऱ्याचे कर्तव्य मानले जाई. ज्ञान सांगणे हा येथे उपकार नव्हता. ते सभासदत्वाचे ऋण होते.

या सभेशी संबंध असलेल्यांपैकी टॉमस सिंपसन (१७१०–६१) हा मुळात विणकर. क्षेत्रफळ काढण्याच्या ‘सिंपसन नियमा’मुळे त्याचे नाव आजही गणिताच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. स्वाध्यायाने गणित शिकून १७४३ मध्ये तो वुलिच येथील लष्करी अकादमीत प्राध्यापक झाला. जॉन डॉलंड (१७०६–६१) हाही रेशीम-विणकर होता. त्याने पुढे दुर्बिणीसाठी रंगदोषरहित भिंगे तयार केली आणि १७५८ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळविले. एकोणिसाव्या शतकात विणकामाच्या धंद्याला उतरती कळा लागली व सभाही क्षीण झाली. १८४५ मध्ये तिचे उरलेले सभासद व ग्रंथसंग्रह रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत सामावून घेण्यात आले. सव्वाशेहून अधिक वर्षे चाललेल्या या सभेच्या विसर्जनाने कारागिरांच्या स्वायत्त ज्ञानचर्चेची एक परंपरा खंडित झाली.

व्याख्यानगृहांचा काळ : एकोणिसाव्या शतकात लोकांपर्यंत विज्ञान पोहोचविण्याचे कार्य मोठ्या संस्थांनी हाती घेतले. रॉयल इन्स्टिट्यूशन १७९९ मध्ये स्थापन झाली. मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) याच्या पुढाकाराने तेथे मुलांसाठी नाताळातील व्याख्याने व प्रौढांसाठी शुक्रवारची सायंव्याख्याने १८२५-२६ च्या सुमारास सुरू झाली. लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट (१८२३) ही संस्था कामगारांसाठी निघाली, तर ब्रिटिश असोसिएशनची (१८३१) वार्षिक अधिवेशने निरनिराळ्या शहरांत भरू लागली. या संस्थांमुळे श्रोत्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. स्त्रियांना व मुलांना विज्ञान ऐकण्याची संधी मिळाली आणि प्रयोगांचे उत्कृष्ट प्रात्यक्षिक पाहता आले. हा लाभ मोठा होता. परंतु मेजाभोवतीचे वर्तुळ मोडून त्याच्या जागी व्यासपीठ व समोरच्या रांगा आल्या. विज्ञान हा पूर्णवेळ व्यवसाय होत गेला, त्याची परिभाषा अवघड झाली आणि प्रश्न विचारणारा नागरिक हळूहळू केवळ श्रोता बनला. विसाव्या शतकात नभोवाणी व दूरचित्रवाणी यांनी हे एकमार्गी स्वरूप अधिकच दृढ केले.

विश्वासाचा पेच : रॉयल सोसायटीने १९८५ मध्ये ‘विज्ञानाचे लोकांना होणारे आकलन’ या विषयावर वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेला अहवाल प्रसिद्ध केला. लोकांना विज्ञान अधिक कळले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. लोकांपाशी ज्ञानाची उणीव आहे व ती भरून काढली की त्यांचा विरोध मावळेल, अशी समजूत त्या काळच्या बहुतेक प्रयत्नांमागे होती. लवकरच घडलेल्या दोन घटनांनी ती डळमळीत केली.

पहिली घटना चेर्नोबिलच्या अणुभट्टीतील अपघाताशी (२६ एप्रिल १९८६) निगडित आहे. त्यानंतरच्या पावसाबरोबर वायव्य इंग्लंडमधील कंब्रियाच्या डोंगराळ कुरणांवर किरणोत्सर्गी सीझियम उतरले. जूनमध्ये तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर व स्थलांतरावर तीन आठवड्यांसाठी बंदी घालण्यात आली. सीझियम जमिनीत लवकरच अडकून पडेल, हे शास्त्रज्ञांचे अनुमान चिकणमातीच्या जमिनींवरून बांधलेले होते. डोंगरावरील आम्लधर्मी, पीटयुक्त जमिनीत ते खरे ठरले नाही. काही भागांतील निर्बंध २०१२ पर्यंत टिकले. या प्रकरणाचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी केला. त्यात एक मार्मिक प्रसंग नोंदविला आहे. बेंटोनाइट ही माती पसरल्याने काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी तज्ञांनी मेंढ्या कुंपण घातलेल्या तुकड्यांत कोंडल्या. मोकळ्या डोंगरावर चरणारी मेंढी कोंडली की खंगते व त्यामुळे प्रयोगच निरुपयोगी होईल, असे मेंढपाळांनी सांगितले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही आणि पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. आपली जमीन व आपली जनावरे यांचे ज्ञान मेंढपाळांपाशी होते. ते तज्ञांच्या कानी पडेल, अशी जागा मात्र कोठे नव्हती.

दुसरी घटना गाईंच्या मेंदूच्या रोगाची. हा रोग १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला. गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही शासन वर्षानुवर्षे देत राहिले. २० मार्च १९९६ रोजी मात्र माणसातील एका नव्या प्राणघातक मेंदूरोगाचा त्याच्याशी संबंध असण्याची शक्यता शासनाला संसदेत मान्य करावी लागली. यामुळे तज्ञांच्या शब्दावरील लोकांचा विश्वास मोठ्या प्रमाणात ढळला. उमरावसभेच्या विज्ञान व तंत्रविद्या समितीने २००० मध्ये सादर केलेल्या अहवालात या अविश्वासाची दखल घेऊन लोकशिक्षणाऐवजी लोकसंवादावर भर दिला.

लीड्सचा प्रयोग : या पार्श्वभूमीवर विज्ञानगोष्ठीचे पुनरुज्जीवन झाले. त्याची प्रेरणा तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रातून आली. मार्क सोते (१९४७–९८) या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९९२ मध्ये पॅरिसच्या बास्तीय चौकातील ‘कॅफे दे फार’ या उपाहारगृहात तत्त्वज्ञानविषयक खुल्या चर्चा सुरू केल्या. फ्रान्समध्ये १९९७ च्या सुमारास त्याच धर्तीवर विज्ञानाच्याही चर्चा होऊ लागल्या. सोते यांच्या निधनानंतरचा मृत्युलेख वाचून डंकन डॅलस (१९४०–२०१४) यांना ही कल्पना सुचली. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले डॅलस दूरचित्रवाणीवरील विज्ञानविषयक कार्यक्रमांचे निर्माते होते. त्यांनी १९९८ मध्ये लीड्स येथे पहिली ‘कॅफे सायंटिफिक’ भरविली.

तिची कार्यपद्धती साधी होती व पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. वक्त्याने सुमारे वीस मिनिटे विषय मांडावयाचा. पडद्यावरील चित्रांचा आधार शक्यतो घ्यावयाचा नाही. नंतर चहा-कॉफी वा मद्य घेण्यासाठी थोडा अवकाश आणि त्यानंतर सुमारे तासभर प्रश्नोत्तरे व चर्चा. मधल्या अवकाशाला विशेष महत्त्व आहे. त्या वेळात शेजाऱ्याशी बोलून श्रोता आपला प्रश्न घडवितो व भरसभेत विचारण्याचे धैर्य गोळा करतो. चित्रे वगळल्याने दिवे मालवावे लागत नाहीत आणि सर्वांची तोंडे परस्परांकडे राहतात. वक्त्याला सहसा मानधन नसते. प्रवेश विनामूल्य किंवा अल्प शुल्काचा असतो.

प्रसार : वेलकम ट्रस्ट या न्यासाच्या साहाय्याने हा उपक्रम ब्रिटनमधील अनेक शहरांत पोहोचला. त्यानंतर यूरोप, अमेरिका व जपान येथे त्याचा प्रसार झाला. शाळकरी मुलांसाठीही अशा गोष्ठी निघाल्या आणि केन्या, युगांडा या देशांत आरोग्य व रोगप्रतिबंध यांसारख्या विषयांवर त्या भरविण्यात आल्या. या चळवळीला मध्यवर्ती सत्ता, घटना वा सभासदनोंदणी नाही. प्रत्येक गावची गोष्ठी स्वतंत्र असते. २०१३ मध्ये लंडन, ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे सुरू झालेला ‘पाइंट ऑफ सायन्स’ हा पानगृहांतील वार्षिक महोत्सव याच कुळातील आहे. २०२० मधील कोरोना महासाथीत प्रत्यक्ष मेळावे थांबले व अनेक ठिकाणी चर्चा दूरसंपर्क-माध्यमांतून चालविण्यात आल्या. त्यामुळे दूरच्या श्रोत्यांची सोय झाली. तथापि मधल्या अवकाशातील शेजाऱ्याशी होणारे बोलणे त्यात साधले नाही.

भारतातील प्रयत्न : भारतात विज्ञानप्रसाराची आधुनिक परंपरा सभा व व्याख्याने यांच्या रूपाने विकसित झाली. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापक यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तिच्या मराठी शाखेत, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेत, सभासद मराठीतून निबंध वाचीत. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतही विज्ञानावरील सार्वजनिक व्याख्यानांना महत्त्वाचे स्थान होते. स्वातंत्र्योत्तर काळात केरळ शास्त्र साहित्य परिषद (१९६२), मराठी विज्ञान परिषद (१९६६) व लोकविज्ञान संघटना (१९८०) यांनी प्रादेशिक भाषांतून विज्ञान लोकांपर्यंत नेले. केरळमधील परिषदेने सायलेंट व्हॅली जलविद्युत्‌ प्रकल्पाची चिकित्सा लोकांपुढे मांडली. पुढे तो प्रकल्प सोडून देण्यात आला व १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. तज्ञ व नागरिक यांच्या संवादाचा सार्वजनिक निर्णयावर प्रभाव पडू शकतो, हे त्यातून दिसून आले.

उपाहारगृहातील गोष्ठीच्या अगदी जवळचा भारतीय उपक्रम म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जानेवारी २००९ मध्ये सुरू केलेला ‘चाय अँड व्हाय?’ हा होय. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये व माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात रविवारी सकाळी हे कार्यक्रम होत आले आहेत. मद्याऐवजी चहा ही निवड स्थानिक रिवाजाला धरून असून त्यामुळे लहान मुलांसह सर्व कुटुंबाला येणे शक्य होते. या चर्चांमध्ये मुलांनी विचारलेले प्रश्नही तितक्याच गांभीर्याने घेतले जातात.

मूल्यमापन : विज्ञानगोष्ठीवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. तीत येणारा वर्ग बहुधा शहरी, सुशिक्षित व आधीच विज्ञानाची आवड असलेला असतो. ज्यांच्या जीवनावर तज्ञांच्या निर्णयांचा सर्वाधिक परिणाम होतो, ते तीत क्वचितच दिसतात. मद्यगृहासारखी स्थळे काही समाजगटांना आपोआप दूर ठेवतात. शिवाय या चर्चेला निर्णयाचा अधिकार नसतो आणि प्रायोजक संस्थेच्या प्रसिद्धीचे साधन बनण्याचा धोकाही तीत संभवतो. हे आक्षेप निराधार नाहीत. सतराव्या शतकातील कॉफीगृहातून स्त्रिया वगळल्या गेल्या होत्या, तसे आजच्या कट्ट्यावरून भाषा, अंतर व संकोच यांमुळे अनेक जण वगळले जातात.

तरीही या प्रकाराचे महत्त्व केवळ माहितीप्रसाराच्या मापाने ठरविता येत नाही. माहिती ग्रंथांतून व प्रसारमाध्यमांतून अधिक सुलभतेने मिळते. ‘हे तुम्हांला कसे कळले?’, ‘हे चुकीचे ठरले तर काय?’ आणि ‘आमच्या अनुभवाशी हे जुळत का नाही?’ असे प्रश्न तज्ञाला समोरासमोर विचारता येणे व त्याला त्यांची सोप्या भाषेत उत्तरे द्यावी लागणे, हे गोष्ठीचे खरे कार्य होय. स्पिटलफील्ड्सच्या विणकरांनी ते नियम म्हणून लिहून ठेवले होते. कंब्रियातील मेंढपाळांना ते न लाभल्यामुळे त्यांचे नुकसान झाले, त्याचबरोबर विज्ञानाचेही झाले.